जुना तांदूळ, बारा टक्के

लाखांदूर रस्त्यावरच्या राइस मिलमध्ये
सहा वर्षं मी पावत्या फाडल्या
आणि समजत होते, मला हिशेब येतो.

कापगते सर वीज मंडळातून रिटायर झालेले.
गुरुवारी सायकलीनं येत, कोंड्याच्या पोत्यावर बसत,
ताळेबंद माझ्याकडे सरकवून विचारत,
"चित्रकला, ह्यात लपलंय काय?"
दोन्हीकडच्या बेरजा जुळत होत्या.
"जुळतात म्हणूनच विचारतोय."

घसारा शिकवला त्यांनी हलरकडे बोट दाखवून.
वहीत हलरची किंमत एक रुपया उरलेली,
आणि तो रुपया दिवसाला चाळीस पोती भरडतो.
फागू मिस्त्रीनं विचारलं, "मंग मी कोन्त्या पानावर जी?"
"तू पगारात. नफा-तोट्याच्या पानावर."
फागूनं हात पुसले, पान उलटलं,
आणि खात्री करून घेतली.

मग आला काळ.
आजचा रुपया जड, पुढल्या वर्षीचा हलका.
मी म्हटलं, सर, आमच्या घरी उलटं आहे.
नवा तांदूळ गिचका होतो.
वर्षभर ढोलीत राहिलेला फुलतो, शीत न् शीत मोकळं,
पाहुण्यांच्या ताटात तोच,
बाजारात भावही त्यालाच जास्त.
ते बराच वेळ गप्प.
"उंदीर वजा कर," मग म्हणाले, "सोंडे वजा कर.
ढोलीची जागा धर. आणि आधीच विकून
त्या पैशानं वर्षभरात जे झालं असतं, तेही धर.
उरेल ते खरं."
रात्री मी सगळं धरलं. उरलं.
थोडंच, पण उरलं,
आणि गुरुवार यायला अजून पाच दिवस होते.

संचालकांना सॉर्टेक्स हवं होतं. अठरा लाख.
साकोलीच्या मिलमध्ये आहे म्हणून.
चौथरा तर मागच्या मंडळानंच बांधून ठेवलेला,
एक लाख ऐंशी हजारांचा,
त्यावर बायका मोहफुलं वाळवतात.
"एवढा चौथरा काय वाया घालवायचा?"

मी सात वर्षं मांडली, बारा टक्क्यांनी.
पाच महिन्यांचा हंगाम, वर्षाचे वाचणारे तीन लाख दहा हजार,
शेवटी भंगाराचे दोन लाख.
उणे दोन लाख पंच्याण्णव हजार.
चौथरा कुठंच धरला नाही.
गेलेला पैसा मत देत नाही.
वाक्य सरांचं होतं, सभेत मी माझं म्हणून सांगितलं.

"चालू गुणोत्तर दोन पूर्णांक एक," चेअरमन म्हणाले,
"पैसा आहे की."
आहे, मी म्हटलं. येणे बाकीत आहे.
तीन वर्षांवरची, तेरा लाख.
ती वगळली की शून्य पूर्णांक आठ.
आणि यादी वाचायला घेतली.

पहिलं नाव चेअरमनच्या साडूचं.
दुसरं वाचलं.
तिसरं रघुपती हटवार, संचालक,
समोरच्या खुर्चीत, पानाची डबी गुडघ्यावर.
माझे सासरे.
जुना तांदूळ, सहा क्विंटल, नणंदेच्या लग्नाला नेलेला.
त्या पंगतीत मीच वाढत होते.
चोवीस हजार सहाशे, मी वाचलं,
आणि चौथ्या नावाकडे गेले.
तेवढ्यात पट्टा थांबला. वीज गेली असावी.

येणं ही मालमत्ताच,
जोवर कुणी मागत नाही.

सॉर्टेक्सचा ठराव पुढे ढकलला.
फागूनं दारातूनच रबर रोल मागितले, दोन जोड्या.
तेवढे मंजूर झाले.

घरी मी भात वाढला.
मामांनी दुसऱ्यांदा घेतला नाही.
हात धुताना, माझ्याकडे न बघता,
"व्याज किती धरलंस?"
धरलंच नव्हतं. तरी म्हटलं, बारा.
ते आंगणात उभे राहिले,
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता,
एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
आत आले तोवर माझी भांडी घासून झाली होती.